वयाचे दार उघडले. वेळेचे दार कोण उघडणार?

शिरोली एमआयडीसीतील कामगार तरुण आणि डॉक्टरकीचे स्वप्न

९ मार्च २०२२ रोजी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने एक निर्णय जाहीर केला. एमबीबीएस प्रवेशासाठी घेतल्या जाणाऱ्या 'नीट' परीक्षेला बसण्यासाठी यापुढे वयाची कमाल मर्यादा असणार नाही, असा तो निर्णय होता. आयोगाच्या ऑक्टोबर २०२१ च्या बैठकीत त्यावर शिक्कामोर्तब झाले होते. वृत्तपत्रांनी ही बातमी एका दिवसात मागे टाकली. परंतु शिरोली एमआयडीसीतील एखाद्या फाउंड्रीत पाळीवर जाणाऱ्या, बारावीला जीवशास्त्र घेतलेल्या आणि घरच्या परिस्थितीमुळे तेथेच थांबलेल्या तरुणासाठी ती क्षुल्लक नव्हती. 'आता वय गेले' हे वाक्य तो अनेक वर्षे ऐकत आला होता. त्या दिवसापासून निदान कायद्याच्या पुस्तकात तरी ते वाक्य खोटे ठरले.

मात्र दाराला लागलेले कुलूप निघाले म्हणजे माणूस आत पोहोचलाच असे होत नाही. नोकरी करीत, थोड्या उशिरा वैद्यकीय शिक्षणाकडे वळू पाहणाऱ्या आपल्या तरुण-तरुणींपुढची खरी अडचण कोणती, हे शांतपणे तपासून पाहणे आवश्यक आहे. खोटी आशा आणि खोटी निराशा या दोहोंनी आपल्या कुटुंबांचे सारखेच नुकसान केले आहे.

नियमांचा प्रवास

२०१७ साली नीटच्या सूचनापत्रकात सर्वसाधारण प्रवर्गासाठी २५ आणि राखीव प्रवर्गांसाठी ३० वर्षे अशी कमाल मर्यादा घालण्यात आली. जानेवारी २०१८ मध्ये ती वैद्यकीय परिषदेच्या नियमावलीत समाविष्ट झाली. अनेक उमेदवार न्यायालयात गेले. मे २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने वयाची अट कायम ठेवली; परंतु त्याच निकालात मुक्त विद्यालयातून बारावी झालेल्यांवरील बंदी मात्र रद्द केली. नोव्हेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पंचविशी ओलांडलेल्यांना तात्पुरती परवानगी दिली आणि अखेर आयोगाने ती अटच काढून टाकली.

त्यापाठोपाठ आणखी दोन अडथळे दूर झाले. नोव्हेंबर २०२३ मध्ये आयोगाने असे ठरवले की, बारावीला भौतिक, रसायन व गणित हे विषय घेतलेल्या उमेदवाराने जीवशास्त्र हा अतिरिक्त विषय म्हणून नंतर उत्तीर्ण केला, तरी तो नीटसाठी पात्र ठरेल. मुक्त विद्यालयाच्या विद्यार्थ्यांचा प्रश्नही मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात त्यांच्या बाजूने निकाली निघाला. शिरोलीच्या दृष्टीने या दोन्ही बाबी महत्त्वाच्या आहेत. येथील बरीच मुले दहावीनंतर आयटीआयला किंवा तंत्रनिकेतनात जातात. त्यांच्यापाशी उत्तम कौशल्य असते, पण बारावी विज्ञानाचे प्रमाणपत्र नसते. अशा तरुणाला प्रथम राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेसारख्या मार्गाने भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय घेऊन बारावी पूर्ण करावी लागेल. तो मार्ग लांबचा असला तरी आता बंद नाही.

येथे एका गैरसमजाचा उल्लेख करणे भाग आहे. अमेरिकेत आधी पदवी आणि मग वैद्यकीय महाविद्यालय असा क्रम आहे; तेथे पदवीच्या काळात किंवा पदवीनंतर नोकरी सांभाळून विज्ञानाचे आवश्यक विषय पुरे करण्याची सोय अनेक विद्यापीठांत असते. आपल्याकडे रचना वेगळी आहे. आपल्या देशात एमबीबीएस हीच पहिली पदवी होय. शिवाजी विद्यापीठाची बी.एस्सी. कितीही चांगल्या गुणांनी मिळवली, तरी नीटच्या गुणवत्ता यादीत तिला एका गुणाचेही मोल नाही. नोकरी करीत पदवी घेणाऱ्या विद्यार्थ्याने हे पहिल्या वर्षीच समजून घ्यावे. पदवी पोटापाण्यासाठी आणि पर्यायी मार्गासाठी उपयोगी आहे. नीटसाठी मात्र अकरावी-बारावीचीच पुस्तके पुन्हा उघडावी लागतात.

पात्रता आणि प्रवेश यांतील अंतर

आकडे पाहू या. २०२५ च्या नीटला सुमारे २२ लाख ९ हजार उमेदवार प्रत्यक्ष बसले आणि १२ लाख ३६ हजारांहून अधिक 'पात्र' ठरले. देशातील एमबीबीएसच्या जागा २०२४-२५ मध्ये सुमारे १ लाख १८ हजार होत्या. म्हणजे पात्र ठरलेल्या दहा जणांमागे जेमतेम एक जागा! त्यांतही शासकीय महाविद्यालयांच्या, म्हणजे कामगार कुटुंबाला परवडतील अशा जागा साधारण निम्म्याच. चौकात लागणारे अभिनंदनाचे फलक पात्रतेचे असतात. प्रवेशाची गोष्ट निराळी. मुलगा 'नीट पास झाला' म्हणून आनंदलेल्या आईवडिलांना हा फरक नंतर समुपदेशन फेऱ्यांच्या वेळी कळतो आणि मग घरात शांतता पसरते.

शुल्कातील दरीही मोठी आहे. शासकीय महाविद्यालयात वर्षाला लाख-दीड लाखाच्या आसपास खर्च येतो; अभिमत विद्यापीठांत तो वीस लाखांच्या घरात जातो. कोल्हापुरात दोन्ही प्रकारची महाविद्यालये आहेत. सीपीआर रुग्णालयाशी संलग्न असलेले राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालय शिरोलीपासून अगदी जवळ आहे. परंतु हे जवळचे अंतर गुणवत्ता यादीतून कापावे लागते.

या टप्प्यावर काही दलाल कामगारांच्या घरी पोहोचतात. 'वय झाले आहे, भारतात जागा मिळणार नाही, परदेशात पाठवा,' असे सांगून शेत किंवा घर गहाण टाकायला लावतात. परदेशी पदवी घेऊन आलेल्यांना येथे व्यवसाय करण्यासाठी जी पडताळणी परीक्षा द्यावी लागते, तिच्या अनेक सत्रांत उत्तीर्णांचे प्रमाण एक तृतीयांशही नव्हते, ही गोष्ट ते सांगत नाहीत. तिकडे जाण्यासाठीही नीट पात्रता लागतेच. अशा करारावर सही करण्यापूर्वी कुटुंबाने जाणत्या व्यक्तीचा सल्ला अवश्य घ्यावा.

खरा प्रश्न तासांचा

समजा, हातकणंगले तालुक्यातील एक चोवीस वर्षांचा तरुण शिरोलीत मशीन शॉपमध्ये काम करतो. कायद्याने आठवड्याचे कामाचे तास ४८. त्यात जाण्यायेण्याचा वेळ, जेवणखाण, झोप आणि घरची कामे धरली, तर अभ्यासासाठी त्याच्या हाती दिवसाला फार तर तीन तास उरतात. वर्षातील ३५० दिवस तो न चुकता बसला, तर १,०५० तास होतात. लातूरला किंवा कोट्याला राहून पुन्हा परीक्षा देणारा विद्यार्थी दिवसाला दहा तास, वर्षातील तीनशे दिवस अभ्यास करतो. त्याचे ३,००० तास होतात. म्हणजे जे काम तो एका वर्षात करतो, त्यासाठी आपल्या कामगार तरुणाला जवळपास तीन वर्षे लागणार. हा बुद्धीचा फरक नव्हे, निव्वळ गुणाकाराचा आहे. आणि नीट ही वर्षातून एकदाच होणारी परीक्षा आहे: १८० प्रश्न, ७२० गुण, चुकीच्या उत्तराला उणे गुण. त्या एका दिवसासाठी तीन वर्षांची शिस्त टिकवायची आहे.

त्यात पाळ्यांचा फेरा. एक आठवडा सकाळची पाळी, पुढचा दुपारची, त्यानंतर रात्रपाळी. भट्टीसमोर किंवा फेटलिंगच्या धुळीत आठ तास काढलेल्या शरीराला झोपेची वेळ दर आठवड्याला बदलावी लागते. मग अभ्यासाची घडी बसणार कशी? कंत्राटदाराकडे काम करणाऱ्याची स्थिती आणखी बिकट. कायद्याने वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस भरपगारी रजा मिळते आणि ती तीस दिवसांपर्यंत साठवता येते. कंत्राटी कामगाराच्या पदरात प्रत्यक्षात ती किती पडते, हे सर्वांना ठाऊक आहे.

समजा, या तरुणाने सत्ताविसाव्या वर्षी प्रवेश मिळवला. पुढे काय? एमबीबीएसची साडेचार वर्षे आणि एक वर्षाची आंतरवासिता. या काळात नोकरी करता येत नाही. व्याख्यानांना ७५ टक्के आणि प्रात्यक्षिकांना ८० टक्के उपस्थिती सक्तीची असते. अंशकालीन किंवा पत्राद्वारे एमबीबीएस असा प्रकारच नाही. बत्तिसाव्या-तेहतिसाव्या वर्षी तो डॉक्टर होईल. शासकीय महाविद्यालयातून शिकला असेल, तर त्यानंतर एक वर्षाची बंधपत्रित सेवा. एवढी वर्षे घर कोण चालवणार, हा प्रश्न त्याच्या स्वप्नाचाच भाग आहे. लग्न झालेले असल्यास पत्नीच्या संमतीवाचून आणि तिच्या कमाईवाचून हे पाऊल टाकणे अन्यायाचे ठरेल.

येथे एक विसंगती लक्षात घेण्यासारखी आहे. शिरोलीतील हजारो कामगार कर्मचारी राज्य विमा योजनेखाली येतात. त्या महामंडळाची स्वतःची वैद्यकीय महाविद्यालये आहेत. त्यांपैकी एक आपल्या शेजारी कर्नाटकात, कलबुर्गीला आहे. तेथे विमाधारक कामगारांच्या पाल्यांसाठी नीटच्या गुणवत्तेनुसार राखीव जागा असतात. ही तरतूद अत्यंत स्तुत्य आहे आणि आपल्या अनेक कुटुंबांना ती माहीतही नाही. परंतु त्या जागा पाल्यांसाठी आहेत. ज्याच्या वेतनातून वर्गणी कापली जाते, तो कामगार स्वतः शिकू इच्छित असेल, तर त्या राखीव जागांवर त्याचा हक्क नाही. आपल्या व्यवस्थेने कामगाराला बाप म्हणून पाहिले, विद्यार्थी म्हणून पाहिले नाही.

उशिरा शिकणाऱ्यांची परंपरा

'एवढ्या उशिरा शिकून काय होणार?' असे विचारणाऱ्यांसाठी महाराष्ट्राच्या इतिहासातच उत्तर आहे. १८६४ साली जन्मलेल्या डॉ. रखमाबाई राऊत बालविवाहाच्या खटल्यातून बाहेर पडून १८८९ मध्ये लंडनच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या, तेव्हा त्या पंचविशीला आल्या होत्या. १८९४ मध्ये त्यांनी शिक्षण पूर्ण केले आणि पुढील कित्येक दशके सुरत व राजकोट येथे स्त्रियांची सेवा केली. २०१८ ची नियमावली त्या काळी असती, तर त्यांना काठावर उभे राहून वयाचे दाखले दाखवावे लागले असते!

अल्बर्ट श्वायट्झर यांचे उदाहरण तर काम करीत शिकणाऱ्यांना अधिक जवळचे वाटावे. प्रोटेस्टंट धर्मगुरू आणि ईशज्ञानाचे प्राध्यापक असलेल्या श्वायट्झर यांनी १९०५ मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, स्ट्रासबर्ग येथे वैद्यकशास्त्राचा पहिला पाठ घेतला. अध्यापन आणि उपदेश चालू ठेवून त्यांनी तो अभ्यास केला आणि १९१३ मध्ये ते आफ्रिकेतील लांबारेने येथे रुग्णसेवेसाठी रवाना झाले. अलीकडे, २०२० मध्ये, ओडिशातील एका चौसष्ट वर्षांच्या निवृत्त बँक अधिकाऱ्याने नीट उत्तीर्ण होऊन शासकीय महाविद्यालयात प्रवेश घेतल्याचे वृत्त सर्वांनी वाचले.

या उदाहरणांकडे डोळसपणे पाहिले, तर त्यांतील समान धागा दिसतो. रखमाबाईंच्या पाठीशी डॉ. एडिथ पीची आणि वर्गणी देणारे हितचिंतक होते. श्वायट्झर यांच्यापाशी विद्यापीठातले पद होते. निवृत्त अधिकाऱ्यापाशी निवृत्तिवेतन होते. जिद्द सर्वांपाशी होतीच. पण तिच्याखाली जमीनही होती. शिरोलीच्या तरुणापाशी जिद्द आहे, जमीन मात्र नाही.

कोल्हापूरला हे सांगण्याची वास्तविक गरज नाही. राजर्षी शाहू महाराजांनी शाळा-महाविद्यालयांची दारे बहुजनांना खुली केली, तेव्हा त्यांच्या ध्यानात आले की केवळ प्रवेश देऊन भागत नाही. खेड्यातून आलेल्या मुलाला राहायला छप्पर आणि दोन वेळचे अन्न नसेल, तर उघडे दार त्याच्या उपयोगाचे नाही. म्हणून १९०१ पासून त्यांनी निरनिराळ्या समाजांसाठी वसतिगृहे उभी केली. अस्पृश्य मानल्या गेलेल्या विद्यार्थ्यांसाठी १९०८ मध्ये मिस क्लार्क वसतिगृह निघाले. ख्रिस्ती विद्यार्थ्यांसाठीही वसतिगृह होते. त्या काळी विद्यार्थ्यापाशी छप्पर नव्हते. आज कामगार विद्यार्थ्यापाशी वेळ नाही आणि निवांत जागा नाही.

एक आक्षेप

काही जाणकार असा आक्षेप घेतात की, शासकीय महाविद्यालयात एका डॉक्टरच्या शिक्षणावर जनतेचा मोठा पैसा खर्च होतो. अठराव्या वर्षी आलेला विद्यार्थी चाळीस वर्षे सेवा देईल, पस्तिशीत डॉक्टर झालेला पंचवीसच. हा हिशेब हसण्यावारी नेण्यासारखा नाही. साठीत प्रवेश घेणाऱ्याच्या बाबतीत तो निश्चितच विचारात घ्यावा लागेल. परंतु चोवीस ते तीस वयाच्या तरुणांना तो लावणे योग्य नाही. सेवेची वर्षे मोजताना ती कोठे दिली जातात, हेही मोजले पाहिजे. साच्याच्या वाळूतील सिलिका फुप्फुसात साचून होणारा सिलिकोसिस ज्याने सहकाऱ्याच्या खोकल्यात ऐकला आहे, तो डॉक्टर झाला तर कामगाराच्या छातीला स्टेथोस्कोप लावताना 'काय काम करता?' हा प्रश्न आधी विचारील. असे डॉक्टर औद्योगिक वसाहतींच्या आसपासच्या गावांना हवे आहेत.

आपण काय करू शकतो?

शासनाकडून अपेक्षा ठेवाव्यातच. कामगार विमा महामंडळाने काही जागा स्वतः विमाधारकांसाठी खुल्या कराव्यात, ही मागणी कामगार संघटनांनी आणि उद्योजकांच्या संघटनांनी एकत्रितपणे मांडण्यासारखी आहे. परंतु काही गोष्टी आपल्या हाती आजच आहेत.

पहिली गोष्ट माहितीची. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास वर्गांतील मुलींना केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाल्यास शिक्षण व परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत आहे. निपाणी-चिकोडीकडून कामाला येणाऱ्या सीमाभागातील मराठी उमेदवारांसाठी महाराष्ट्रात स्वतंत्र तरतूद आहे. बंगळूरचे सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालय १९६३ पासून भारतीय कॅथलिक महागुरुस्वामींच्या परिषदेतर्फे चालवले जाते; तेथे कॅथलिक उमेदवारांसाठी राखीव जागा आहेत आणि पदवीनंतर ठरावीक काळ दुर्लक्षित भागात सेवेची अट आहे. एप्रिल २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने अल्पसंख्याक संस्थांनाही नीट बंधनकारक असल्याचे स्पष्ट झाले. त्यामुळे 'ओळखीने होईल' ही समजूत मनातून काढून टाकावी. शिक्षणात खंड पडलेल्यांना त्याचे प्रतिज्ञापत्र, जातीचे व उत्पन्नाचे दाखले, अधिवास प्रमाणपत्र हे सारे परीक्षेपूर्वीच जमवून ठेवावे लागते. पाळीवरच्या माणसाला तहसील कार्यालयात खेटे घालणे जमत नाही. धर्मग्रामातील एखाद्या निवृत्त शिक्षकाने किंवा कारकुनाने ही जबाबदारी घेतली, तरी फार मोठे साहाय्य होईल.

दुसरी गोष्ट जागेची. एका खोलीच्या घरात दूरदर्शन संच चालू असताना जीवशास्त्र वाचता येत नाही. आपल्या अनेक धर्मग्रामांची सभागृहे आठवडाभर कुलूपबंद असतात. सकाळी पाच ते सात आणि रात्री अकरापर्यंत ती उघडी ठेवली, दोन दिवे, चार टेबले आणि पाठ्यपुस्तकांचे दोन संच ठेवले, तर खर्च नगण्य आहे. ही अभ्यासिका अर्थातच सर्वधर्मीय कामगार विद्यार्थ्यांसाठी खुली असावी.

तिसरी गोष्ट वेळेची. आपल्यापैकी काही बांधव शिरोलीत लघुउद्योजक आहेत, काही कारखान्यांत व्यवस्थापक आहेत. अशा एखाद्या तरुणाला वर्षभर एकच स्थिर पाळी द्यावी, परीक्षेपूर्वी साठवलेली रजा सलग घेऊ द्यावी आणि शेवटच्या दोन-तीन महिन्यांत बिनपगारी रजेवर असताना त्याची जागा राखून ठेवावी. स्वप्नापायी राजीनामा देऊन बसलेल्या तरुणापेक्षा नोकरीचे आश्वासन पाठीशी असलेला तरुण अधिक शांतपणे परीक्षा देतो.

चौथी गोष्ट प्रामाणिक सल्ल्याची. प्रत्येक प्रयत्नाला मुदत हवी. दोन किंवा तीन परीक्षा, आणि दर सहा महिन्यांनी सराव परीक्षांच्या गुणांची परखड तपासणी, असे आधीच ठरवावे. शासकीय जागेच्या जवळपासही गुण पोहोचत नसतील, तर ते सांगणारा कोणीतरी आपला माणूस असावा. आरोग्यसेवेची दारे अनेक आहेत. आयुर्वेद व होमिओपॅथीच्या पदव्यांनाही नीटच लागते, पण तेथे स्पर्धा तुलनेने कमी आहे. परिचर्या, औषधनिर्माणशास्त्र, प्रयोगशाळा तंत्रज्ञान हे अभ्यासक्रम लवकर पुरे होतात आणि घरही लवकर उभे राहते. परिचारिका म्हणजे डॉक्टर होऊ न शकलेली स्त्री, असे मानणाऱ्यांनी एकदा अतिदक्षता विभागात रात्र काढावी.

'वय झाले' हे कारण आता उरलेले नाही. म्हणूनच उरलेल्या कारणांची जबाबदारी आपल्यावर येते. येत्या धर्मग्राम परिषदेच्या बैठकीत आपल्या परिसरात असे किती तरुण-तरुणी आहेत, त्यांची पाळी कोणती आणि अभ्यासाची जागा कोणती, एवढीच यादी करावी. ती बहुधा पाच-सात नावांची असेल. त्यांतील एकच जण सीपीआरच्या आवारात विद्यार्थी म्हणून शिरेल, किंवा कदाचित एकही नाही. परंतु उरलेले प्रत्येक जण पूर्ण प्रयत्न करून, डोळे उघडे ठेवून दुसऱ्या मार्गाला लागतील. आणि 'आम्हाला कोणी विचारलेच नाही' असे त्यांना म्हणावे लागणार नाही.